क्रांती चौकापासून जंगल किती दूर?

(प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

छत्रपती संभाजीनगर शहरातील क्रांती चौकाला त्याचे नाव १८५७ च्या उठावातून मिळाले. त्या वर्षी येथील छावणीतील घोडदळाच्या ज्या शिपायांनी बंड पुकारले, त्यांना याच परिसरातील काळ्या चबुतऱ्यावर देहदंड देण्यात आला. आज हा चौक शहराच्या अगदी मध्यावर आहे. सकाळी शाळेच्या वेळेला मुलांनी भरलेल्या रिक्षा येथून चारी दिशांना पांगतात. त्यांतील तिसरी-चौथीच्या एखाद्या मुलाला जंगलातील पाच प्राण्यांची नावे विचारली, तर तो बहुधा वाघ, सिंह, हत्ती, जिराफ आणि झेब्रा ही नावे सांगेल. यांपैकी सिंह गुजरातेत गीरच्या रानात राहतो. जिराफ व झेब्रा आफ्रिकेतले. रानटी हत्ती महाराष्ट्रात कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या आणि गडचिरोलीच्या सीमाभागात काय तो दिसतो. राहता राहिला वाघ. त्याची हकिकत पुढे येणारच आहे.

याच मुलाला चिंकारा, भेकर, उदमांजर, खोकड ही नावे विचारली तर तो गोंधळून जाईल, आणि खोकड म्हणजे आजीला होणारा खोकला असे उत्तर देऊन वर्गाला हसवीलही. वास्तविक हे सर्व प्राणी त्याच्याच जिल्ह्याचे रहिवासी आहेत. क्रांती चौकापासून सुमारे ७० किलोमीटरवर, कन्नड तालुक्यात, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर असून त्याचा काही भाग जळगाव जिल्ह्यात उतरतो. बिबट्या, अस्वल, लांडगा, कोल्हा, रानमांजर, नीलगाय, रानडुक्कर, वानर असा मोठा परिवार तेथे नांदतो. १९८६ मध्येच पैठणच्या नाथसागराचा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तो तर याहून जवळ, ५० किलोमीटरांच्या आसपास आहे. तेव्हा जंगल दूर नाही. शाळेतल्या पाठातून मात्र ते दूर गेले आहे, आणि ते जवळ कसे आणावे हाच या भाषणाचा विषय आहे.

जंगल स्वतःच शहरात येते

डिसेंबर २०१९ मध्ये या शहरातील सिडको एन-१ या भरवस्तीत बिबट्या शिरला. वनविभागाने त्याला बेशुद्ध करून पकडले. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरी भागातील कॅमेऱ्यांत पुन्हा एक बिबट्या दिसला. ही वसाहत क्रांती चौकापासून फार तर दोन-तीन किलोमीटरांवर असेल. पिंजरे लागले, गस्त सुरू झाली, आणि काही दिवस घराघरांत दुसरा विषय नव्हता. अशा प्रसंगी खरी कसोटी लागते ती मुलांना काय ठाऊक आहे याची. बिबट्या दिसल्यावर पळत सुटू नये. पळणारी वस्तू पाहून त्याची शिकारीची वृत्ती जागी होते. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात वर करून, आवाज करीत हळूहळू मागे सरावे. पाहण्यासाठी गर्दी करू नये, कारण कोंडीत सापडलेला प्राणी बाहेर पडण्यासाठीच अंगावर येतो. अंधारात उघड्यावर एकट्याने खाली बसू नये. एवढी चार वाक्ये सात वर्षांच्या मुलाला सहज पाठ होतात. ती पाठ्यपुस्तकात असोत वा नसोत, ती शिकविण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्याहीपुढे जाऊन 'तो आला का?' हा प्रश्न मुलांपुढे ठेवता येतो. अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांनी वेढलेल्या आणि जंगल असे नावालाही नसलेल्या भागात, विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांच्या दाट वस्तीत, दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे तेथे राहत असल्याचे त्यात आढळले. पुढील पाहणीत त्यांच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उकिरडा वाढला की कुत्री वाढतात आणि कुत्री वाढली की बिबट्याची पायवाट गावाकडे वळते. कचरा आणि बिबट्या यांचा हा संबंध चौथीतल्या मुलाला एका तासात समजतो. नगरपालिकांना व ग्रामपंचायतींना तो समजण्यास कधीकधी अधिक वेळ लागतो, हे येथे जमलेल्या सदस्यांनी हसून सोडून द्यावे.

बिबट्या दिसला की त्याला पकडून दूर नेऊन सोडा, अशी मागणी होते. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात असे मोठ्या प्रमाणावर करण्यात आले. त्याच काळात माणसांवरील हल्ले वाढले, आणि अशा स्थलांतराने प्रश्न सुटण्याऐवजी चिघळतो असे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी आपले घर शोधू लागतो, आणि त्या भटकंतीत माणसाशी त्याची गाठ पडते. जुन्नर, शिरूर या पट्ट्यात लहान मुलांचे बळी गेले आहेत. त्या घरांचे दुःख आकड्यांनी भरून निघत नाही. म्हणून बिबट्याचा पाठ हा निबंधाचा विषय समजून उरकता येत नाही.

गोष्टीतले प्राणी आणि पिंजऱ्यातले प्राणी

मराठी मुलाची जंगलाशी पहिली भेट गोष्टीत होते. लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी, लबाड कोल्हा, 'लांडगा आला रे आला' म्हणून ओरडणारा गुराखी ही मंडळी त्याला शाळेत येण्याआधीपासून भेटलेली असतात. त्या गोष्टी टाकून द्याव्यात असे कोणी म्हणणार नाही. त्या गोष्टींतून मूल भाषा शिकते, धैर्य शिकते. परंतु गोष्ट संपल्यावर शिक्षकांनी आणखी दोन वाक्ये जोडावीत. खरा कोल्हा उंदीर, खेकडे, बोरे खातो आणि मेलेली जनावरे साफ करतो. खरा लांडगा दाट जंगलापेक्षा गवताळ माळरानावर राहतो, कुटुंब करून राहतो, आणि पिलांना नर-मादी मिळून वाढवितात. धनगरांच्या कळपामागून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा प्राणी आज माळराने नांगरली गेल्यामुळे वाघापेक्षाही कमी चर्चिला जाणारा, पण फार अडचणीत आलेला प्राणी आहे.

दुसरी भेट प्राणिसंग्रहालयात होते. क्रांती चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर सिद्धार्थ उद्यान आहे, आणि मराठवाड्यातील किती पिढ्यांनी पहिला वाघ तेथेच पाहिला याची गणती नाही. ही सहल अवश्य व्हावी. मात्र पिंजऱ्यासमोर उभ्या असलेल्या वर्गाला एक प्रश्न जरूर विचारावा : याला राहायला किती जागा लागत असेल? उत्तर शाळेत परतल्यावर भूगोलाच्या तासाला द्यावे.

ते उत्तर देण्यासाठी याच भागात दोन उत्तम उदाहरणे घडली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये स्वतःचा मुलूख शोधण्यास निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्हे ओलांडून, पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांचे १५० दिवस धरले तर दिवसाला किती किलोमीटर झाले? चौथीच्या मुलांना हा भागाकार जमतो. उत्तर साडेआठ-नऊच्या दरम्यान येते, आणि ते गणित कोणी विसरत नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ तीनशेहून अधिक किलोमीटर चालून गौताळ्यात आला. कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र टिपले तेव्हा या जिल्ह्यात कित्येक दशकांनंतर वाघ अवतरला होता. शेते, रस्ते, रेल्वेचे रूळ, वस्त्या ओलांडून तो आला, आणि वाटेतल्या बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही.

या जिल्ह्याशी वाघाचे नाते जुने आहे. एप्रिल १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीत आला असताना झाडीत दडलेली अजिंठ्याची लेणी त्याच्या नजरेस पडली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव आजही आहे. म्हणजे जगाला अजिंठा पुन्हा दिसला तो एका वाघाच्या पाठलागामुळे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. राज्यभरातून शाळांच्या सहली अजिंठ्याला येतात. मुले रांगेने आत जातात आणि रांगेनेच बाहेर येतात. सतराव्या लेण्यातील जातककथांची चित्रे दाखविताना तेथील हत्ती, हरणे, माकडे, हंस यांच्याकडे शिक्षकांनी मुलांचे लक्ष वेधले तर तीच सहल निराळी होईल. हत्ती सोंड कशी वळवितो, हरिण मान कशी मागे टाकते, हे त्या चित्रकारांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेखाटलेले नाही. गौताळ्याच्या परिसरातील पितळखोरे लेण्यांत तर दगडी हत्तींची ओळच्या ओळ उभी आहे, आणि लेण्यांच्या खालच्या घळीत खरे जंगल आहे. एका दिवसात इतिहास आणि निसर्ग दोन्ही पाहावयाचे असतील तर याहून चांगली जागा मराठवाड्यात शोधून सापडणार नाही.

माती वाचण्याची विद्या

अभयारण्यात जाणे प्रत्येक शाळेला साधत नाही. बसभाडे, पालकांची संमती, सोबतीला पुरेसे शिक्षक या अडचणी खऱ्या आहेत. परंतु वन्यजीवनाचा अभ्यास म्हणजे वन्य प्राणी प्रत्यक्ष पाहणे, हा समज आधी काढून टाकावा लागेल. वनरक्षकालासुद्धा बिबट्या क्वचितच दिसतो. त्याला दिसतात ते ठसे, विष्ठा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे, अर्धवट खाल्लेली फळे, पिसे. हे सर्व वाचता येणे हीच रानाची अक्षरओळख होय.

ठशांपासून सुरुवात करावी. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात. मांजर, रानमांजर, बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात नखे दिसत नाहीत. शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात संध्याकाळी बारीक माती चाळून पसरावी आणि सकाळी प्रार्थनेनंतर पाहावी. कुत्रे, मांजर, मुंगूस, साळुंकी, क्वचित एखादा सरडा यांनी रात्री तेथे आपापली सही केलेली असते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून त्या ठशांचे साचे काढता येतात. खर्च नाममात्र येतो. २०२४ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सुरू झालेल्या 'आनंददायी शनिवार' या उपक्रमात हा अभ्यास चपखल बसतो.

ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात 'कुरणशाळा' होती. मुले गुरे चारण्यास जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तर मग शाळेनेच कुरणावर जावे, असा तो साधा विचार होता. बिया, पाने, शिंपले, खडे हेच शैक्षणिक साहित्य. जी मुले निरक्षर म्हणून गणली जात, त्यांना झाडांची आणि पाखरांची जेवढी नावे ठाऊक असतात तेवढी अनेक पदवीधरांना नसतात, याची जाण त्या कामात होती. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाने सभोवतालच्या गावांतील मुलांसाठी 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम चालविला आहे. वाघाच्या शेजारी जन्मलेल्या मुलाने जंगलात पाहुण्यासारखे जाऊन यावे, ही त्यामागची दृष्टी तीच आहे.

शेतकऱ्याच्या मुलापुढे बोलताना

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे बोलणे अगत्याचे आहे. खेड्यातील वर्गात बसलेल्या मुलांच्या दृष्टीने नीलगाय म्हणजे 'रोही', आणि रोही म्हणजे हरभऱ्याचे वाटोळे करणारे जनावर. रानडुकराने एका रात्रीत मक्याचे वावर लोळविलेले त्या मुलाने पाहिलेले असते. बापाबरोबर तो माचावर जागलेला असतो. त्याच्यापुढे 'प्राणिमात्रांवर दया करा' एवढेच म्हणणारा शिक्षक त्याला आपला वाटणार नाही. घटनेच्या अनुच्छेद ५१ अ मध्ये १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे कर्तव्य आहे, हे खरे. परंतु नुकसानीची भरपाई मागण्याचा अर्ज कोठे करावयाचा, पंचनामा कोण करतो, वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक कशासाठी आहे, हेही त्याच पाठाचे अंग मानले पाहिजे. बापाचा अर्ज भरून देणारे मूल त्या शाळेला आणि रानालाही दुरावत नाही.

त्याच वर्गात शेतकऱ्याच्या मित्रांचीही ओळख करून द्यावी. गव्हाणी घुबड अशुभ मानून हुसकावले जाते. प्रत्यक्षात त्याचे मुख्य अन्न उंदीर आहे, आणि त्याने ओकलेल्या गोळ्या पाण्यात भिजवून सोडविल्या तर उंदरांची हाडे व कवट्या मुलांच्या हाती लागतात. एवढा पुरावा दाखविल्यावर वेगळे व्याख्यान लागत नाही. धामण बिनविषारी असून तीही उंदरांवर जगते. मात्र नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांची ओळख चित्रावरूनच करून द्यावी, आणि साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे हे मुलांकडून घरोघर पोहोचवावे.

या सर्वांत एक वर्ग असा आहे की, ज्याला या शिक्षणाची सर्वाधिक गरज असून ते सर्वांत कमी मिळते. ही मुले ऊसतोड कामगारांची. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. कोपी उसाच्या फडाला लागून असते, आईबाप पहाटेपूर्वी कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि मूल धाकट्या भावंडाला सांभाळीत मागे राहते. उसाच्या फडात बिबट्याची मादी पिले घालते. तोडणी सुरू असता पिले सापडली, तर ती उचलून गावभर मिरविण्याचा मोह होतो. पिले जागीच राहू द्यावीत आणि वनविभागाला कळवावे. जुन्नर भागात अशी पिले संध्याकाळी त्याच जागी ठेवली असता मादी रात्री येऊन ती घेऊन गेल्याची अनेक उदाहरणे आहेत. पिले न मिळालेली मादी मात्र त्या परिसरात चिडून घुटमळते, आणि धोका कोपीत झोपलेल्या मुलांनाच असतो. गाव सोडण्यापूर्वी, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, या मुलांसाठी एक तास राखून ठेवणे कोणत्याही मुख्याध्यापकांना अशक्य नाही. साखरशाळांतील शिक्षकांनी तर पहिल्याच दिवशी हा पाठ घ्यावा.

पंचायतीचे दप्तर आणि आजोबांची आठवण

जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवली जाते. ती शाळेत आणावी. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे : तुमच्या लहानपणी या शिवारात कोणते प्राणी दिसत? त्यांना तुम्ही काय म्हणत होता? कोणते आता दिसत नाहीत? वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढलेल्या मारुती चितमपल्ली यांनी (१९३२-२०२५) आदिवासी व रानवासी लोकांच्या तोंडची नावे टिपून ठेवली, पक्षिकोश व प्राणिकोश सिद्ध केले. मराठीत रानाची जी शब्दसंपत्ती आज छापील स्वरूपात आहे, तिचा मोठा भाग त्यांच्या या परिश्रमाचे फळ आहे. मराठवाड्याच्या गावोगावची नावे अद्याप गोळा व्हावयाची आहेत, आणि ती जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल ही नावे मुले स्पर्धांसाठी पाठ करतात. शेकरू पाहावयास भीमाशंकरकडील सह्याद्रीचे सदाहरित रान गाठावे लागते. हरियाल मात्र याच शहरात आहे. पिवळ्या पायांचा हा हिरवा कबुतरवर्गीय पक्षी वड, पिंपळ, उंबर यांची फळे पिकली की थव्याने येतो, आणि पानांत असा मिसळून जातो की खाली उभ्या माणसाला केवळ फळे पडल्याचा आवाज येतो. ज्या शाळेच्या आवारात जुना वड आहे त्या शाळेने वड फळांवर येताच मुलांना सकाळी लवकर बोलवावे. वडच तोडला गेला असेल तर नवीन लावावा लागेल, आणि हरियालाची वाट पाहण्यात त्या शाळेच्या काही तुकड्या पुढे निघून जातील.

वर्षाचे वेळापत्रक रानानेच आखून दिलेले आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो, तेव्हा पाऊस ओसरून ओढ्याकाठी ठसे उत्तम उमटलेले असतात. हिवाळ्यात नाथसागरावर हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस उतरतात. त्यांचा मार्ग नकाशावर काढावा. शहरातील शाळांनी तेवढ्यासाठी सलीम अली सरोवरापर्यंत गेले तरी थोडेफार पाणपक्षी दिसतात. फाल्गुनात पळस फुलला की त्यावर कोणकोणते पक्षी येतात याची यादी करण्यास एक सकाळ पुरते. वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या वतीने पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्यात येते. लहान मुलांना त्या रात्री तेथे नेणे योग्य नाही. परंतु वनरक्षकांशी आधी बोलून ठेवल्यास दुसऱ्या दिवशी उन्हे वर येण्यापूर्वी मुलांना पाणवठ्याच्या काठी नेता येईल. ओल्या चिखलात रात्रीचे सर्व पाहुणे आपापले ठसे ठेवून गेलेले असतील. कोणत्या ठशांत नखे आहेत आणि कोणत्या ठशांत नाहीत, हे मुले सांगतील.